सरासरीआडचं महानगर

१९२१ साली मुंबईत दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालकं वर्षाची होण्याआधीच दगावली, असं महापालिकेच्या आरोग्य खात्याचे त्या वर्षीचे आकडे सांगतात. हा आकडा तेव्हा विलायतेपर्यंत गाजला. पण त्याच आकड्यांत एक तक्ता होता आणि त्याचं मोल या आकड्याहून मोठं आहे. मृत्यूची नोंद करताना खात्याने कुटुंबाच्या खोल्यांचीही नोंद ठेवली होती. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत बालमृत्यूचं प्रमाण हजारी आठशेच्या वर होतं. दोन खोल्यांच्या घरात ते झपाट्याने खाली येत होतं आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरात आणखी कितीतरी कमी होतं. शहराची सरासरी एवढंच सांगत होती की मुंबईत मुलं जगत नाहीत. कुठली मुलं जगत नाहीत, हे तक्ता सांगत होता. त्या काळी मुंबईतले सुमारे दोन तृतीयांश लोक एका खोलीत राहत होते. त्यामुळे ही गोष्ट कुणा मूठभर दुर्दैवी कुटुंबांची नव्हती, गिरणगावाच्या रोजच्या जगण्याची होती.

या आकड्यात एक खोटही होती आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या तेव्हाच्या लोकसंख्येत जवळपास एक पंचमांश माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. गिरणीकामगाराची बायको बाळंतपणाला बोटीने कोकणात जायची. मूल गावी जन्मायचं, त्याची नोंद झालीच तर गावच्या दप्तरात व्हायची. काही महिन्यांनी तान्ह्याला घेऊन ती परळ-लालबागच्या खोलीत परतायची आणि ते मूल दगावलं तर मृत्यू मुंबईच्या वहीत चढायचा. मृत्यू मुंबईत मोजले जात होते आणि जन्म कोकणात. शिवाय शहरातल्या जन्मनोंदीही ढिसाळ होत्या. त्यामुळे प्रमाण प्रत्यक्षाहून फुगलेलं होतं, आणि गावाशी नातं घट्ट असलेल्या एकखोली कुटुंबांत ते सर्वांत जास्त फुगलेलं असणार. म्हणून तो तक्ता फेकून द्यावा का? मुळीच नाही. खोट काढूनही एका खोलीतलं जिणं घातक होतं, यात शंका उरत नाही. मात्र तो तक्ता नीट वाचायला नुसतं गणित पुरत नव्हतं, कोकण आणि मुंबई यांचं नातं ठाऊक असावं लागत होतं. या लेखाचं म्हणणं नेमकं इथून सुरू होतं. महानगराचं सामाजिक आणि आर्थिक जीवन कळायचं तर आकडे खोली, गल्ली, वस्ती, स्टेशन इतक्या लहान पातळीवर गोळा व्हायला हवेत. ते माणसांच्या येण्याजाण्याशी जोडून वाचले जायला हवेत. आणि ज्यांच्याबद्दल ते आहेत त्यांच्या हाती पोहोचायला हवेत. आज मुंबई महानगर प्रदेशात या तिन्ही बाबतींत आपण फार मागे आहोत.

आधी या प्रदेशाचा पसारा पाहू. आज तो ६,३२८ चौरस किलोमीटरवर पसरला आहे. त्यात नऊ महापालिका आहेत, शिवाय नगरपालिका आणि शेकडो गावं. २००१ ते २०११ या दशकात बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी १९ लाख ७८ हजारांवरून १ कोटी २४ लाख ४२ हजारांवर गेली, म्हणजे चार टक्केही वाढली नाही. दक्षिणेकडचा मुंबई शहर जिल्हा तर ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर घसरला. एवढंच पाहिलं तर मुंबईची वाढ थांबली असं वाटेल आणि तसं अनेकांनी लिहिलंही. पण त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांच्या पुढे गेला, म्हणजे ३६ टक्क्यांनी वाढला. महानगर वाढतच होतं, फक्त ज्या हद्दीत आपण मोजत होतो तिच्याबाहेर. वसई, विरार, मुंब्रा, दिवा, बदलापूर, पनवेल इथे राहायला गेलेल्या माणसाची रोजीरोटी बहुधा मुंबईतच राहिली, पण जनगणनेच्या हिशेबात तो मुंबईचा उरला नाही. त्यानंतर पालघर जिल्हा २०१४ साली झाला, पनवेल महापालिका २०१६ साली झाली. या दोन्हींच्या जन्मानंतर देशात एकदाही जनगणना झालेली नाही.

हद्दीचा घोळ उत्पन्नाच्या हिशेबात आणखी वाढतो. जिल्ह्याचं उत्पन्न काढताना ते कुठे निर्माण झालं हे पाहिलं जातं; ते कमावणारा राहतो कुठे, हे नव्हे. नरिमन पॉइंटच्या कचेरीत बदलापूरच्या कारकुनाने केलेलं काम मुंबईच्या उत्पन्नात जमा होतं. बदलापूरला त्याची मुलं शिकतात, म्हातारे आईवडील दवाखान्यात जातात, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबतं, आणि हा सगळा खर्च तिथल्या नगरपालिकेने तिच्या तुटपुंज्या वसुलीतून उचलायचा असतो. रोजगार आणि उपभोगखर्चाच्या देशव्यापी नमुना पाहण्यांत तर वर्षानुवर्षं मुंबई, ठाणे, रायगड यांच्या जोडीला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग घालून एकच किनारी प्रदेश धरला जात असे. लालबाग आणि सावंतवाडी यांच्या सरासरीतून कुठल्या कामगाराचं आयुष्य कळणार? जानेवारी २०२५पासून श्रमबल पाहणीत जिल्हा हा नमुन्याचा पाया धरला जाऊ लागला आहे. ही सुधारणा खरी आहे, पण ती जिल्ह्यापाशी थांबते.

माणूस रोज कुठून कुठे जातो, हा प्रश्न या प्रदेशात सर्वांत कळीचा आहे. २०११च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामगारांना विचारलं गेलं की कामाची जागा घरापासून किती किलोमीटरवर आहे आणि तिथे तुम्ही कशाने जाता. मोठं पाऊल होतं ते. पण कामाची जागा कुठे आहे, हे विचारलं गेलं नाही. म्हणजे डोंबिवलीतून इतकी माणसं वीस किलोमीटरपलीकडे जातात हे सांगता येईल. त्यातली ठाण्याला किती, अंधेरीला किती आणि महापे-रबाळ्याच्या कारखान्यांत किती, ते मात्र कळायचं नाही. खरं तर हे उत्तर रेल्वेकडे आहे. लोकलचा पास दोन स्टेशनांमधला असतो. रोज सत्तर लाखांच्या आसपास माणसं या गाड्यांतून जातात आणि त्यातले बहुतेक पासधारक आहेत. नावं आणि नंबर काढून टाकून, कुठल्या स्टेशनाहून कुठल्या स्टेशनाला किती पास, एवढा तक्ता दर महिन्याला जाहीर झाला तर या प्रदेशाच्या रोजगाराचा इतका ताजा नकाशा दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. महापे किंवा भिवंडीकडची कामं कमी झाली, कुठल्या उपनगरातल्या बायका कामाला बाहेर पडू लागल्या, कुठे पहिल्या वर्गाचे पास घटून दुसऱ्या वर्गाचे वाढले, हे त्यातून महिनाभरात दिसेल. गर्दीत लोंबकळणारी माणसं रुळांवर पडतात तेव्हा चौकश्या होतात. गर्दी कुठे तयार होते याचा हिशेब आधीपासून लोकांसमोर असता तर त्या चौकश्यांना निदान पाया मिळाला असता.

जिल्ह्याखाली उतरून प्रभागापर्यंत आलं की सगळं कळतं, असंही नाही. मुंबई महापालिकेच्या ‘एम पूर्व’ विभागात २०११ साली आठ लाखांहून अधिक लोक राहत होते. २००९च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा विभाग शहरात तळाला होता. देवनारचं डम्पिंग ग्राउंड, कत्तलखाना, शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या गल्ल्या आणि मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती इथे आहेत. पण याच विभागात अणुशक्तीनगरही आहे, झाडांची, शाळांची, स्वतःच्या रुग्णालयाची आखीव वसाहत. दोन्ही मिळून काढलेला आकडा दोघांनाही लागू पडत नाही. दुसरीकडे या विभागाबद्दल एक आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो: इथल्या माणसाचं आयुर्मान अवघं ३९ वर्षं. वर्तमानपत्रांत, भाषणांत, प्रबंधांत तो सापडतो. मृतांच्या वयांची सरासरी आणि आयुर्मान या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे तो सांगताना विसरलं जातं. ज्या वस्तीत मुलं आणि तरुण जास्त आणि म्हातारे कमी, तिथे मरणाऱ्यांचं सरासरी वय कमीच दिसणार, मग तिथली आरोग्यस्थिती कशीही असो. दादर-माटुंग्यात वृद्ध अधिक, म्हणून तिथे ते वय जास्त दिसणार. १९२१च्या तक्त्यातही जन्म आणि मृत्यू एकाच लोकसंख्येतून आले नव्हते. आकडा वेगळा, खोट त्याच जातीची. या विभागातल्या गोवंडीत क्षयरोग, कुपोषण आणि धुराचे आजार भयंकर आहेत, हे सिद्ध करायला वयोगटानुसार मृत्युदर पुरेसा आहे आणि तो वस्तीवार काढता येतो. चुकीच्या आकड्याने वस्तीवर शिक्का बसतो आणि एखाद्याने तो खोडून काढला की खरं दुखणंही संशयात सापडतं.

नीट केलेली स्थानिक मोजणी काय करू शकते, याचा पुरावा करोनाच्या पहिल्या वर्षात मिळाला. जुलै २०२०मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या बाजूंच्या तीन विभागांत रक्ततपासणी केली. नमुना घेताना झोपडपट्टी आणि इमारती वेगळ्या ठेवल्या. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूशी लढलेली प्रतिद्रव्यं सापडली, इमारतींत १६ टक्के. दोन्ही एकत्र करून एकच टक्केवारी काढली असती तर ती दोन्ही ठिकाणी खोटी ठरली असती. या आकड्याने एका फटक्यात पुष्कळ सांगितलं. साथ वस्तीत किती खोल गेली होती, नोंदलेले रुग्ण प्रत्यक्षाच्या मानाने किती थोडे होते, आणि सामायिक संडास-नळावर अवलंबून असलेल्या माणसाला ‘अंतर ठेवा’ हा सल्ला किती निरुपयोगी होता. त्यासाठी संपूर्ण शहर पालथं घालावं लागलं नाही. तीनच विभाग, पण विचारपूर्वक निवडलेले.

आता झोपडपट्टीच्या आकड्याकडे वळू, कारण सरकारी यशाचा तो नेहमीचा दाखला आहे. २००१ साली बृहन्मुंबईतली ५४ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत होती, २०११ साली सुमारे ४२ टक्के. ही घट का झाली? काहींना त्याच जागी इमारत मिळाली, काही हुसकले जाऊन हद्दीबाहेर गेले, काही प्रकल्पबाधित म्हणून मानखुर्दला पाठवले गेले. साठ-सत्तर घरांपेक्षा लहान वस्ती जनगणनेच्या व्याख्येत झोपडपट्टी म्हणून धरलीच जात नाही, हेही आहे. टक्केवारीत हे सगळे एकच दिसतात. त्यातल्या तिसऱ्या गटाचं काय झालं, ते २०१८ साली समोर आलेल्या एका अभ्यासातून कळलं. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी या तीन पुनर्वसन वसाहतींत घरोघरी जाऊन पाहणी केली. प्रश्न साधे होते. घर कितव्या मजल्यावर, खिडकीतून ऊन येतं का, हवा खेळते का, घरात क्षयरोगी आहे का? नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर, घर सव्वादोनशे चौरस फुटांचं. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि वरून पडणाऱ्या कचऱ्यामुळे आहे ती खिडकीही लोक बंद ठेवतात. क्षयरोगाचा या अंधाराशी आणि कोंडलेल्या हवेशी संबंध असल्याचं अभ्यासात दिसलं. हीच कुटुंबं सरकारी तक्त्यात ‘झोपडपट्टीतून बाहेर पडलेली’ म्हणून जमा आहेत. जनगणनेचं काम तिच्या जागी योग्यच आहे. मात्र मजला आणि खिडकी विचारणारी पाहणी नसती तर अशा वसाहतींसाठी बांधकामाच्या नियमांत दिलेल्या सवलतीची किंमत कुणाच्या फुप्फुसांनी मोजली, हे कुणालाच कळलं नसतं.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. आकडे असून उपयोग काय? एका खोलीत मुलं मरतात हे आरोग्य खात्याच्या वह्यांत दिसत होतं, त्याच सुमारास सरकारने मुंबईत बीडीडी चाळी बांधायला घेतल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, आणि प्रत्येक कुटुंबाला १६० चौरस फुटांची एकच खोली. ज्या खोलीविरुद्ध पुरावा होता, तीच खोली सिमेंटमध्ये बांधली गेली. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच आकडा कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न मी आकड्याइतकाच महत्त्वाचा मानतो. आरोग्य खात्याचा तक्ता त्या खोलीतल्या माणसापर्यंत कधी पोहोचलाच नाही. याउलट १९८५चं उदाहरण घ्या. स्पार्क या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. ही माणसं परवाच आलेली उपरी नाहीत, वर्षानुवर्षं इथे राहतात, कामाला पायी जातात आणि कामाच्या जवळ राहता यावं म्हणूनच फुटपाथवर राहतात, हे त्यातून उभं राहिलं. फुटपाथवासीयांना हटवण्याचा वाद त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात होता. त्या मोजणीतून महिला मिलन ही फुटपाथवरच्या बायकांची संघटना उभी राहिली आणि पुढे रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांच्या पुनर्वसनात वस्तीने स्वतः केलेली गणना सरकारला विचारात घ्यावी लागली. आकडा तोच असतो, पण रहिवाशाच्या हाती आला की त्याला मागणीची धार येते.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो आकडेशास्त्रज्ञांपेक्षा झोपडीतल्या माणसाला जास्त कळतो. मोजायला माणूस दारात आला की पहिला प्रश्न मनात येतो: घर जाणार का? धारावीत २०२४ साली पुनर्विकासासाठी घरोघरी सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा अनेक रहिवाशांनी विरोध केला, कारण त्या सर्वेक्षणावर पात्र-अपात्रतेचा फैसला होणार होता. १ जानेवारी २००० ही तारीख या शहरात लाखो माणसांचं नशीब ठरवते. ही भीती अडाणीपणाची नाही, अनुभवाची आहे. तिच्यावर उपाय एकच: पात्रतेसाठी केलेलं सर्वेक्षण आणि समाज समजून घेण्यासाठी केलेली मोजणी कायद्याने आणि व्यवहाराने पूर्ण वेगळी ठेवायची. १९४८चा जनगणना कायदा व्यक्तीच्या नोंदी गुप्त ठेवतो, त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. हेच संरक्षण महापालिकांच्या, प्राधिकरणांच्या आणि विद्यापीठांच्या पाहण्यांना मिळायला हवं. गल्लीचा तक्ता जाहीर करता येतो, त्यासाठी कुणाचं नाव लागत नाही.

तिसरं म्हणणं नव्या जमान्याचं: मोबाइल, उपग्रह आणि ऑनलाइन व्यवहारांमुळे सगळं आपोआप दिसतं, दारोदार कशाला हिंडायचं? मोबाइल कुठे गेला एवढं दिसतं. घरात एकच मोबाइल असेल आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल तर बायको त्या नकाशात नसतेच. उपग्रहाला छप्पर दिसतं, छपराखालच्या खोल्या आणि माणसं दिसत नाहीत. भिवंडीभोवतीची मोठमोठी गोदामं वरून स्वच्छ दिसतात, पण त्यातली पुष्कळ ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत आणि तिथे कंत्राटावर माल चढवणारा-उतरवणारा हमाल कुठल्या राज्यातून आला, रात्री कुठे झोपतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आस्थापनांची मोजणी करणारी आर्थिक गणना शेवटची पूर्ण झाली २०१३-१४ साली. २०१९ला सुरू झालेल्या सातव्या गणनेचे निकाल आलेच नाहीत. या कामाची परंपरा आपल्याकडे नव्हती असंही नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून १९३०च्या दशकात पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. पुढे अर्थशास्त्रज्ञ सोवनी आणि सहकाऱ्यांनी तेच शहर पुन्हा मोजलं. अर्थशास्त्रज्ञ लकडावालांनी १९६३ साली मुंबई शहराची आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली. एकच शहर ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजायचं, ही शिस्त आपण सोडून दिली.

सर्वांत दुर्लक्षित आकडा घरात बसून काम करणाऱ्या बायकांचा. गोवंडीत जरीकाम, कुठे इमिटेशन दागिन्यांची जोडणी, कुठे तयार कपड्यांचे धागे कापणं, कुठे पापड. नगावर पैसे मिळतात, माल मध्यस्थ आणून देतो, वीज आणि जागा बाईची. तिचं नाव कुठल्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नसतं. प्रगणक दारात येतो, घरातला पुरुष उत्तर देतो, आणि ती ‘काम न करणारी’ म्हणून नोंदली जाते. हजारो बायकांची अशी नोंद झाली की किमान वेतनाचा, पाळणाघराचा, कामगार कल्याणाचा प्रश्न कागदावर उरतच नाही.

लांबलेली जनगणना आता १ मार्च २०२७ या संदर्भतारखेने होते आहे. तिचे तक्ते जिल्ह्यावर न थांबता प्रभागाच्या आणि गावाच्या पातळीवर वेळेत जाहीर व्हावेत. महापालिकांनी जन्म, मृत्यू, पाणीपुरवठा आणि क्षयरोग यांचे वस्तीवार आकडे माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार स्वतःहून मांडावेत आणि नऊही महापालिकांनी ते एकाच साच्यात मांडावेत. रेल्वेने पासांचा तक्ता द्यावा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. वाचकांकडेही एक मागणं आहे. फेब्रुवारी २०२७मध्ये प्रगणक तुमच्या दारात येईल आणि घरातली बाई काय काम करते असं विचारेल, तेव्हा ‘ती घरीच असते’ असं उत्तर देऊ नका. तिलाच पुढे बोलवा, ती करते ते काम तिच्याच तोंडून सांगू द्या आणि ते लिहून घेतलं आहे याची खात्री करा.